बासेलला नोकरीसाठी येताय? ट्रामने सीमा ओलांडण्याआधी हे वाचा

माझं माहेर सावंतवाडीचं. आमच्याकडे सीमा म्हणजे पत्रादेवी. पेट्रोल स्वस्त म्हणून टाकी भरायला गोव्यात जायचं, दुखणं मोठं निघालं की बांबोळीचं सरकारी हॉस्पिटल गाठायचं. बांदा-दोडामार्गची कितीतरी मुलं रोज सकाळी दुचाकीवरून गोव्यात कामाला जातात आणि संध्याकाळी घरी येतात. येताना इन्सुलीच्या नाक्यावर एक्साइजवाले कधीतरी डिकी उघडायला लावतात, तेवढंच. दुसरी सीमा मी मुंबईत पाहिली, व्हिसाच्या रांगेत. बँकेची स्टेटमेंट, पगाराच्या पावत्या, कंपनीचं पत्र, फोटोच्या चार प्रती आणि छातीत धडधड.

फेब्रुवारी २०२२ मध्ये नोकरीसाठी बासेलला आले आणि या दोन्ही सीमा एकाच जागी भेटल्या. हे शहर स्वित्झर्लंडच्या अगदी कोपऱ्यात आहे. ऱ्हाइन नदीच्या काठाने थोडं चाललं की एकीकडे फ्रान्स लागतो, दुसरीकडे जर्मनी. शहराची ट्राम दोन्ही देशांत जाते. तीस हजारांहून जास्त माणसं रोज त्या देशांतून इथे कामाला येतात. दिसायला ही सीमा पत्रादेवीसारखी आहे, पण भारतीय पासपोर्टधारकासाठी तिच्यामागचा कायदा व्हिसाच्या रांगेतलाच आहे. नव्याने येणारी आपली मंडळी इथेच चुकतात. काहीजण घाबरून वर्षभर पलीकडे पाऊलच टाकत नाहीत, आणि काहीजण तिसऱ्या महिन्यात इतके निर्धास्त होतात की पासपोर्ट घरी ठेवून निघतात. घाबरणं आणि निर्धास्त होणं, मी दोन्ही करून बसले आहे. औषधाच्या कंपन्यांमुळे बासेलला येणारी मराठी माणसं बरीच आहेत, म्हणून क्रमाने लिहिते.

पहिली पायरी: निघण्याआधी

ऑफर लेटर आलं की पगाराच्या आकड्याआधी परमिटचा प्रकार बघा. युरोपियन युनियनबाहेरच्या माणसासाठी कंपनीला आधी इथल्या कँटनची, म्हणजे राज्याची, आणि केंद्राची मंजुरी घ्यावी लागते. अशा परमिटांचा वर्षाचा कोटा ठरलेला असतो, त्यामुळे वेळ लागला तर घाबरू नका. मंजुरी आली की भारतातून 'डी' व्हिसा मिळतो. इथे आल्यावर 'एल' किंवा 'बी' परमिटचं कार्ड हातात पडतं. 'एल' थोड्या मुदतीचं असतं आणि 'बी' दर वर्षी वाढवून मिळतं. घर, बँक, मोबाइल, कर्ज अशा सगळ्या ठिकाणी या एका अक्षरामुळे फरक पडतो. म्हणून एचआरला स्पष्ट विचारून घ्या.

मला सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न असा: "बासेलमध्ये भाडी फार आहेत. मग पलीकडे जर्मनीतल्या वाइल आम ऱ्हाइन, लोराख किंवा फ्रान्समधल्या सां-लुईला घर घेऊन इथे कामाला आलं तर?" ऑफिसातले जर्मन आणि फ्रेंच सहकारी तसंच करतात, त्यामुळे प्रश्न साहजिक आहे. त्यांच्याकडे 'जी' परमिट असतं, म्हणजे सीमेपलीकडे राहून इकडे काम करणाऱ्याचं. ते आपल्याला हवं असेल तर त्या शेजारच्या देशात कायमच्या वास्तव्याचा हक्क असावा लागतो आणि तिथल्या सीमाभागात किमान सहा महिने राहिलेलं असावं लागतं. भारतातून थेट येणाऱ्याकडे हे नसतं. त्यामुळे राहणं आणि काम दोन्ही स्वित्झर्लंडमध्येच. घराचं बजेट त्याच हिशेबाने धरा, नाहीतर एखादी जाहिरात बघून हुरळून जाल आणि दोन महिने वाया घालवाल.

कागदांमध्ये लग्नाचा दाखला आणि मुलांचे जन्मदाखले अपोस्टिल करून आणा. आधी राज्य सरकारचं प्रमाणीकरण, मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का. हे काम इथून करायला गेलं की गावाकडच्या कुणाला तरी खेटे घालावे लागतात. मूळ ड्रायव्हिंग लायसन्सही सोबत ठेवा.

सामानाचं तर आईला आत्ताच सांगून ठेवा. तूप, पेढे, खवा असले दुधाचे पदार्थ आणि मांस भारतातून इथे आणता येत नाही. हापूसची पेटी आणि कढीपत्त्याची जुडीसुद्धा नाही, कारण ताज्या फळापाल्याला वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो. मालवणी मसाला, आमसुलं, कुळथाचं पीठ खुशाल आणा. माझ्या आईने दिलेलं तूप मी मुंबईच्या विमानतळावर बहिणीच्या हातात परत दिलं होतं. आईला ते अजून पटलेलं नाही.

दुसरी पायरी: पहिले चौदा दिवस

आल्यापासून चौदा दिवसांच्या आत, आणि कामावर रुजू होण्याआधी, राहत्या ठिकाणच्या नोंदणी कार्यालयात जाऊन नाव नोंदवायचं. पासपोर्ट, व्हिसा, भाडेकरार आणि नोकरीचा करार लागतो. परमिटसाठी बोटांचे ठसे आणि फोटो होतात आणि कार्ड पोस्टाने घरी येतं. त्यासाठी पत्रपेटीवर तुमचं आडनाव हवंच. इथला पोस्टमन फ्लॅट नंबर बघत नाही, नाव बघतो. फ्लॅटला नंबर नसतोच म्हटलं तरी चालेल. आल्या दिवशी कागदावर नाव लिहून चिकटवा, पितळी पाटी नंतर लागेल.

आरोग्यविमा तीन महिन्यांच्या आत घ्यायचा. "अजून वेळ आहे" म्हणून थांबलात तरी हप्ता आल्या दिवसापासूनच मोजला जातो, त्यामुळे उशिराने पैसे वाचत नाहीत. विम्यात 'फ्रांशीझ' नावाचा आकडा असतो, म्हणजे वर्षभरात विमा कंपनीने पैसे द्यायला लागण्याआधी तुम्ही खिशातून भरायची रक्कम. मोठ्यांसाठी ती ३०० पासून २,५०० फ्रँकपर्यंत निवडता येते. जास्त निवडली की महिन्याचा हप्ता कमी होतो. तब्येत ठणठणीत असेल आणि २,५०० फ्रँक बाजूला पडलेले असतील तरच वरचा आकडा घ्या. पहिल्या वर्षी हातात शिल्लक नसते, हे ध्यानात ठेवा.

घराची अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या भाड्याइतकी असते. ती घरमालकाच्या खिशात जात नाही, तुमच्याच नावाच्या बंद खात्यात राहते. कुणी रोख मागितली तर देऊ नका. कचऱ्यासाठी शहराची निळी पिशवी दुकानातून विकत घ्यायची असते, कचऱ्याचा कर तिच्या किमतीतच असतो. धुलाईचं यंत्र बहुतेक इमारतींत तळघरात सामायिक असतं. आपला दिवस कोणता ते विचारून घ्या आणि तो पाळा.

एक गोष्ट कुणी सांगत नाही. इथे फोन परदेशी नेटवर्क पकडतो. तुम्ही बासेलमध्येच नदीकाठी बसलेले असता आणि फोन जर्मनीत किंवा फ्रान्समध्ये गेलेला असतो. स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमध्ये नसल्यामुळे तिथला फुकट रोमिंगचा नियम इथे लागू नाही. शेजारी देशांचं रोमिंग असलेला प्लॅन घ्या किंवा नेटवर्क आपोआप निवडण्याची सोय बंद करून स्विस नेटवर्क हाताने निवडा. माझं पहिल्या महिन्याचं बिल बघून मी घाबरून कस्टमर केअरला फोन केला होता. चूक त्यांची नव्हती.

तिसरी पायरी: कार्ड येईपर्यंत

परमिटचं कार्ड येईपर्यंत पलीकडे जावं की नाही? 'डी' व्हिसाची मुदत शिल्लक असेल तर पासपोर्ट घेऊन शेंगेनमधल्या, म्हणजे आपापसात व्हिसा आणि नेहमीची सीमा-तपासणी न ठेवणाऱ्या युरोपियन देशांच्या गटातल्या, दुसऱ्या देशांत फिरता येतं. व्हिसा संपला आणि कार्ड अजून आलेलं नसेल, तर मात्र बासेलमध्येच थांबा. सहकारी म्हणतील, "अगं, कुणी बघत नाही." ते खरं बोलतात, पण त्यांच्या खिशात युरोपियन ओळखपत्र असतं.

या दिवसांत शहर बघून घ्या. ऱ्हाइनवरच्या होड्या बघा, इंजिन नसतं त्यांना. नदीवर आडवी तार बांधलेली असते आणि पाण्याच्या ओढीनेच होडी पलीकडे जाते. आमच्या तरीवाल्या काकांना हे दाखवायला हवं, असं मला पहिल्यांदा बसताना वाटलं होतं.

चौथी पायरी: पहिल्यांदा पलीकडे

सुरुवात ८ नंबरच्या ट्रामने करा. ती बासेलच्या बाजारपेठेतून, मधल्या पुलावरून, क्लाइनह्यूनिंगेनच्या गोदीजवळून जर्मनीतल्या वाइल आम ऱ्हाइनला जाते. ही जोडणी डिसेंबर २०१४ ची. ३ नंबर डिसेंबर २०१७ पासून फ्रान्समधल्या सां-लुई स्टेशनपर्यंत जाते. १० नंबरची तर मजाच आहे. ती स्वित्झर्लंडमधून निघून वाटेत लेमन नावाच्या फ्रेंच गावातून जाते आणि पुन्हा स्वित्झर्लंडमध्ये शिरते. तिकीट काढताना कोणत्या झोनपर्यंत जायचंय ते बघा. मासिक पास शहरापुरता असेल तर पुढचं तिकीट वेगळं लागतं.

माझी पहिली फेरी अजून डोळ्यासमोर आहे. कार्ड आल्यानंतरचा शनिवार होता. मी पिशवीत पासपोर्ट, परमिट, भाडेकरार, नोकरीचा करार, विम्याचं पत्र आणि तीन पगारपावत्या प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून निघाले. समोरच्या बाकावर एक आजी बसल्या होत्या. दोन चाकांची कापडी ट्रॉली पायात धरून त्या डुलक्या घेत होत्या. क्लाइनह्यूनिंगेन गेलं. रस्त्याकडेला कस्टमची इमारत आली, मी फोल्डर घट्ट धरला. ट्राम थांबली, दारं उघडली, बंद झाली. पुढच्या पाट्या जर्मनीच्या होत्या. आजी शेवटच्या थांब्यावर जाग्या झाल्या आणि ट्रॉली ओढत बाजाराकडे निघून गेल्या. मी दहा मिनिटं थांब्यावरच उभी होते. मग बाबांना फोन केला, जर्मनीत आलेय म्हणून. ते म्हणाले, "गो, आणि व्हिसा कोणी दिल्यान?"

कोणी दिला नव्हता, कारण लागतच नाही. स्वित्झर्लंड १२ डिसेंबर २००८ पासून शेंगेनमध्ये आहे. स्विस परमिट आणि चालू पासपोर्ट असला की शेंगेनच्या इतर देशांत कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत फिरता येतं. क्रोएशिया २०२३ पासून त्यात आला आणि रोमानिया-बल्गेरियाच्या जमिनीवरच्या सीमाही १ जानेवारी २०२५ पासून खुल्या झाल्या. ब्रिटन आणि आयर्लंड यात नाहीत, तिथे पुन्हा व्हिसाची रांग आहेच.

स्टेशनांचंही समजून घ्या. बासेलचं 'बाडिशर बानहोफ' स्विस जमिनीवर आहे, पण चालवते जर्मन रेल्वे. मुख्य स्टेशनाच्या एका टोकाला फ्रेंच रेल्वेचा वेगळा भाग आहे. विमानतळ पूर्ण फ्रान्सच्या जमिनीवर, आणि १९४९ च्या कराराने फ्रान्स आणि स्वित्झर्लंड मिळून चालवतात. बाहेर पडायला स्विस दार आणि फ्रेंच दार अशी दोन दारं आहेत. ५० नंबरची बस स्विस बाजूने सुटते आणि थेट मुख्य स्टेशनला येते. टॅक्सी बोलावताना किंवा कुणाला घ्यायला जाताना कोणत्या दाराशी उभं राहायचं ते आधी ठरवा.

पाचवी पायरी: पासपोर्ट पिशवीत

ही पायरी सगळ्यांत छोटी असायला हवी होती. पासपोर्ट आणि परमिट दोन्ही, मूळ प्रत, प्रत्येक वेळी. मोबाइलमधला फोटो चालत नाही आणि नुसतं परमिटही पुरत नाही.

मी दीड वर्षं हे पाळलं. मग ते कधी सुटलं ते कळलंच नाही. पलीकडे जाणं हे कोपऱ्यावरच्या दुकानात जाण्यासारखं झालं होतं. जर्मनीने ऑक्टोबर २०२३ पासून स्विस सीमेवर पुन्हा तपासणी सुरू केली, ते मी बातम्यांत वाचलं होतं, पण ते आपल्याला लागू असेल असं वाटलं नाही. नोव्हेंबरमधल्या एका संध्याकाळी ऑफिसातून परस्पर पार्सल आणायला निघाले. वाइलच्या बाजूला ट्राम थांबली, दोन पोलीस चढले आणि माणसं बघत बघत माझ्यापाशी आले. मी परमिटचं कार्ड पुढे केलं. त्यातल्या बाईंनी ते उलटसुलट पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "आणि पासपोर्ट?"

तो घरच्या कपाटात होता. त्यांनी मला खाली उतरवलं. नाव, जन्मतारीख, पत्ता विचारला, रेडिओवर काहीतरी बोलल्या. बाहेर थंडी होती आणि ट्रामच्या खिडक्यांतून लोक बघत होते. अर्ध्या तासाने त्यांनी मला परतीच्या ट्राममध्ये बसवलं आणि पुन्हा असं केलंत तर दंड होईल, असं सांगितलं. ट्राममधल्या इतक्या माणसांत फक्त मलाच का विचारलं, हा प्रश्न मनात आला. रंगावरून थांबवलं जातं, हे इथे राहणाऱ्या आपल्या बऱ्याच लोकांनी अनुभवलंय आणि ते खुपतं. पण त्या दिवशी माझ्याकडे कागद नव्हता, हेही तितकंच खरं. तेव्हापासून पासपोर्ट एका पातळ कापडी पाकिटात घालून रोजच्याच पिशवीच्या आतल्या कप्प्यात असतो. हरवायची भीती वाटते म्हणून रंगीत स्कॅन घरी आणि मेलवर ठेवलेत. पासपोर्टची मुदत वर्षभरावर आली की बर्नच्या भारतीय दूतावासातून नूतनीकरणाच्या कामाला लागा. तो हाताशी नसेल त्या काळात पलीकडे जाणं बंद.

सहावी पायरी: खरेदी आणि कस्टम

माणसांच्या तपासणीचा करार झाला, मालाचा नाही. स्वित्झर्लंड युरोपियन युनियनच्या कस्टममध्ये नाही, म्हणून ट्रामला कुणी अडवलं नाही तरी पिशवीतल्या वस्तूंना नियम आहेत.

मुख्य आकडा १५० फ्रँक. एका माणसाने एका दिवसात तेवढ्या किमतीपर्यंतचा माल आणला तर स्विस व्हॅट लागत नाही. १ जानेवारी २०२५ पूर्वी हा आकडा ३०० होता, आणि जुन्या माहितीवर चालणारे लोक अजून भेटतात. १५० ओलांडले तर वरच्या रकमेवर नव्हे, पूर्ण रकमेवर कर बसतो. १८० फ्रँकचं किराणा सामान असेल तर २.६ टक्क्यांनी साधारण ४ फ्रँक ७०. कपडे-भांडी असतील तर ८.१ टक्क्यांनी साडेचौदा. रक्कम मोठी नसते. कस्टमच्या मोबाइल ॲपवर सीमा ओलांडण्याआधी भरता येते. लपवलंत आणि सापडलात तर मात्र दंड होतो. दोघं असाल तर दोघांचे १५०-१५० धरता येतात, पण २०० फ्रँकचा एकच मिक्सर दोघांत वाटून दाखवता येत नाही.

मांसाला वेगळी मर्यादा आहे, माणशी दिवसाला एक किलो. त्यावर किलोमागे १७ फ्रँक. गटारीला पंधरा माणसं जेवायला बोलावून एकट्याने चार किलो चिकन आणलं, तर तीन किलोचे ५१ फ्रँक झाले. स्वस्ताई कुठे राहिली? लोणी आणि सायही मिळून एक किलो, तेल पाच लिटर, वाइन-बिअर पाच लिटर आणि कडक दारू एक लिटर. इन्सुली नाक्याची आठवण येते ती इथे.

जर्मनीतला व्हॅट परत मिळतो, आणि हे नवीन माणसाला पटकन समजत नाही. ५० युरोच्या वर एका दुकानात बिल झालं की काउंटरवर हिरवी चिठ्ठी मागायची. परमिट दाखवायचं, म्हणजे तुम्ही स्वित्झर्लंडला राहता हे त्यांना कळतं. परतताना जर्मन कस्टमच्या खिडकीवर माल, बिल आणि चिठ्ठी दाखवून शिक्का घ्यायचा. पुढच्या वेळी त्याच दुकानात ती चिठ्ठी दिली की पैसे परत. घाईत ट्राममध्ये बसून निघालात तर शिक्का राहतो आणि पैसेही.

माझं मत विचाराल तर सगळं पलीकडून आणू नका. शाम्पू, डायपर, डाळी-तांदूळ, हे आणा. पण भाजी आणि पाव मी इथल्या बाजारातल्या लाल टाउन हॉलसमोरच्या चौकातूनच घेते. पगार इथला, रस्ते इथले, आणि कोपऱ्यावरची दुकानं पलीकडच्या स्वस्ताईमुळे बंद पडताना मी पाहिलीत. मर्यादा ३०० ची १५० झाली ती त्याच वादातून.

सुट्टीचं कॅलेंडर तिन्ही देशांचं ठेवा. १ ऑगस्टला स्वित्झर्लंड बंद, १४ जुलैला फ्रान्स आणि ३ ऑक्टोबरला जर्मनी. १ ऑगस्टला वाइलच्या दुकानांत पाय ठेवायला जागा नसते.

सातवी पायरी: काय करायचं नाही

स्विस परमिटवर पलीकडे फिरता येतं, काम करता येत नाही. शनिवारी जर्मनीत छोटं काम नाही, फ्रेंच मैत्रिणीच्या घरी आठवडाभर बसून लॅपटॉपवर ऑफिसही नाही. एचआरला विचारल्याशिवाय सीमेपलीकडून होम ऑफिस करू नका. कर आणि सामाजिक विमा दोन्ही अडचणीत येतात.

गाडीचं थोडक्यात. भारतीय लायसन्सवर इथे बारा महिने चालवता येतं. ती मुदत संपण्याआधी स्विस लायसन्स काढावं लागतं, आणि त्यासाठी परीक्षकाला बाजूला बसवून एक फेरी मारून दाखवावी लागते. संधी एकच. नापास झालात तर भारतीय लायसन्सही इथे चालत नाही, शिकाऊपासून सुरुवात. दोन-तीन तास प्रशिक्षकाकडे घालवा, उजव्या बाजूने येणाऱ्याला आधी जाऊ द्यायची सवय लागेपर्यंत. स्विस महामार्गाला वर्षाची ४० फ्रँकची विन्येट, म्हणजे टोलची पावती, लागते, जर्मन महामार्ग गाडीला फुकट आहे.

सीमा बंद होऊ शकते

हे मी स्वतः पाहिलं नाही, पण ऑफिसात अजून बोलतात. मार्च २०२० मध्ये इथली सीमा बंद झाली. ८ नंबरची ट्राम जर्मनीत जायची थांबली. बासेलला लागून असलेल्या रीहेनजवळ कुंपणं उभी राहिली आणि दोन बाजूंचे नवरा-बायको, मित्रमैत्रिणी जाळीतून बोलायचे. १५ जूनला पुन्हा उघडली. माझी टीममधली सहकारी तेव्हा लोराखला राहायची. तिला कामासाठी येता यायचं, पण बासेलमधल्या तिच्या आईला भेटता येत नव्हतं. ती हे सांगत होती तेव्हा मला आमच्याकडचेच ते महिने आठवले. पत्रादेवी बंद, आणि माझा मावसभाऊ गोव्यातली नोकरी जाईल म्हणून बांद्याला घरात बसलेला.

म्हणून सल्ला एवढाच देते: रोजची गरज पलीकडे टाकू नका. नियमित औषधं, मुलांचा डॉक्टर, पाळणाघर अलीकडेच ठेवा. दातांसाठी पलीकडे जा, हरकत नाही, दात थांबू शकतात.

आई-बाबा येतात तेव्हा

त्यांना शेंगेनचा 'सी' व्हिसा लागतो, जास्तीत जास्त ९० दिवसांचा. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा हवा. तुम्हाला ३०,००० फ्रँकपर्यंतचं हमीपत्र द्यायला सांगू शकतात, त्याला वेळ लागतो, त्यामुळे तिकिटं काढण्याआधी तीन महिने तरी तयारीला लागा. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या बाहेरच्या सीमांवर टप्प्याटप्प्याने बोटांचे ठसे आणि चेहऱ्याची इलेक्ट्रॉनिक नोंद सुरू झाली आहे. परमिटवाल्यांना ती लागू नाही, पाहुण्यांना आहे. आता दिवस यंत्र मोजतं, शिक्क्याच्या पुसट तारखेवर वाद घालायची सोय उरली नाही. वाइलला किंवा पॅरिसला घालवलेले दिवसही त्याच ९० मध्ये धरले जातात.

बाबा आले तेव्हा मी त्यांना वाइल आणि फ्रान्समधलं युनिंग यांना जोडणाऱ्या पादचारी पुलावर नेलं. २००७ मध्ये खुला झालेला हा पूल फक्त चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी आहे. बाबांनी शर्टाच्या खिशात पासपोर्ट ठेवून वर सेफ्टीपिन लावली होती. पुलाच्या मध्यावर ते थांबले, कठड्याला हात लावून खाली पाणी बघितलं आणि विचारलं, चेकनाका कुठे आहे? नाही म्हटल्यावर पुन्हा थोडं मागे आले, पुन्हा पुढे गेले. तिसऱ्या आठवड्यात ते एकटेच ८ नंबरने वाइलला जाऊन केळी आणायला लागले. निघताना दारात खिसा चाचपायचे, सेफ्टीपिन आहे ना बघायचे आणि मगच चपला घालायचे.